छप्पन साल आणि मराठवाड्यातला विमा प्रतिनिधी

जुन्या औरंगाबादेतला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातला, एखादा मुरलेला विमा प्रतिनिधी गेला की त्याच्या शोकसभेत घरच्यांना अनोळखी असलेली माणसे उठून बोलू लागतात. कुणी निवृत्त शिक्षिका असते, कुणी एमआयडीसीतला फिटर, कुणी पैठणकडचा शेतकरी. गेलेल्या माणसाने वर्षाला किती पॉलिसी केल्या, तो अव्वल एजंटांच्या चेअरमन्स क्लबचा सभासद होता की नव्हता, हे त्यांच्या बोलण्यात येत नाही. ते वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत छापून आलेले असते. ही माणसे सांगतात ते वेगळेच. वडील गेले तेव्हा घरात कागद कुठे आहेत हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि या माणसाने ते शोधून काढले. आईला सही येत नव्हती, तर तिला घेऊन हा बँकेत गेला.

विमा विकणे हा कमिशनवर चालणारा धंदा आहे. तो करणाऱ्याबद्दल माणसे अशी का बोलतात? याचे अर्धे उत्तर त्या त्या माणसाच्या स्वभावात आहे. उरलेले अर्धे १९५६ या सालात आहे. त्या एका वर्षात मराठवाड्याचे राज्य बदलले, त्याची मोठी बँक बदलली आणि आयुर्विमा सरकारच्या ताब्यात आला. हे सगळे एकत्र घडले नसते, तर हा माणूस आपल्या दारापर्यंत पोहोचला नसता असे माझे मत आहे.

आयुर्विमा या देशात आला तो युरोपियन साहेबांसाठी. कलकत्त्यात १८१८ मध्ये ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, पण तिचे ग्राहक मुख्यतः गोरे. पुढे परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवू लागल्या, तेव्हा त्याच्याकडून जादा हप्ता घेत. हिंदी माणूस लवकर मरतो, असा त्यांचा हिशेब होता. मुंबईत १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅशुरन्स सोसायटीने हा भेद मोडला आणि हिंदी माणसाला सर्वसाधारण दराने विमा दिला. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी आली. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत तर देशी विमा कंपन्या भराभर निघाल्या. साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी १९१३ मध्ये अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मोठे भांडवल आणि मोठे शहर नसतानाही मराठी मध्यमवर्ग विमा कंपनी चालवू शकतो, हे तिने दाखवले. याच चिरमुल्यांनी पुढे साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँकेचीही उभारणी केली.

मराठवाडा मात्र या घडामोडींपासून दूर होता. तो निजामाच्या राज्यात होता. निजाम सरकारने १९०७ मध्ये आपल्या नोकरांच्या कुटुंबांसाठी एक निधी सुरू केला. त्यातूनच हैदराबादचे सरकारी विमा खाते वाढले आणि आज तेलंगणात ते राज्य कर्मचाऱ्यांसाठी चालू आहे. देशातल्या जुन्या सरकारी विमा योजनांत त्याची गणना होते. पण त्याचा लाभ सरकारी नोकराला. औरंगाबादच्या सुभेदारीतल्या कारकुनाला त्याचा आधार मिळाला असेल, त्याच्याच गावातल्या कुणब्याला, विणकराला, गुलमंडीवरच्या लहान दुकानदाराला तो नव्हता. कर्ता माणूस गेला तर जमीन, बायकोच्या अंगावरचे सोने, भाऊबंद आणि शेवटी सावकार, एवढाच त्यांचा विमा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई होऊन निजामाची राजवट संपली, तरी ही स्थिती लगेच पालटली नाही. निजामाचा हाली सिक्का पुढेही काही वर्षे चलनात होता, आणि कलदार रुपयाशी त्याचा हिशेब घालतच बाजार चालत होता.

तिकडे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या विमा कंपन्यांची वाढ झाली, तशी दुखणीही वाढली. १९३८ च्या विमा कायद्याने कंपन्यांवर देखरेख आणली, एजंटाला परवाना सक्तीचा केला, कमिशनातला वाटा ग्राहकाला देऊन पॉलिसी खपवण्यास मनाई केली. तरी विमेदारांचा पैसा मालकांच्या इतर उद्योगांकडे वळत राहिला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये संसदेत या दुखण्याचा हिशेब मांडला. मागच्या दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या होत्या, आणि आणखी पंचवीस कंपन्यांनी आपली पुंजी अशी उधळली होती की त्यांचा कारभार विमेदारांच्या तोट्यात दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावा लागला. या आकड्यामागे किती घरे होती हे ध्यानात घेतले पाहिजे. वीस वर्षे हप्ता भरलेल्या माणसाला, आपल्या मरणानंतर पैसे देणारी कंपनीच आपल्याआधी मेली, हे कळणे म्हणजे काय! डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी लोकसभेत उभे राहिले आणि त्यांनी रामकृष्ण दालमिया यांच्या ताब्यातल्या भारत इन्शुरन्स कंपनीचा पैसा कसा फिरवला गेला, याचा तपशील सभागृहापुढे ठेवला. मागल्या बाकावरचा काँग्रेसचा एक खासदार आपल्याच सरकारला जाब विचारत होता. त्या भाषणाने राष्ट्रीयीकरणाला अनुकूल हवा तयार झाली.

पडद्याआड तयारी चाललीच होती. खबर फुटली असती तर कंपन्यांचे मालक पैसा हलवतील, ही धास्ती होती, म्हणून फार थोड्या माणसांना विश्वासात घेतले गेले. १९ जानेवारी १९५६ रोजी राष्ट्रपतींचा वटहुकूम निघाला आणि त्याच रात्री अर्थमंत्री देशमुखांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितले की आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला आहे. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५ संस्था एका फटक्यात ताब्यात आल्या. पुढे त्यांच्या कार्यालयांत सरकारने नेमलेले कस्टोडियन जाऊन बसले.

या तारखेकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. तीनच दिवसांपूर्वी, १६ जानेवारीला, पंतप्रधान नेहरूंनी मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय रेडिओवरून सांगितला होता. मुंबई पेटली होती. रस्त्यांवर गोळीबार होत होते, माणसे मरत होती. ज्या शहरात अनेक मोठ्या विमा कंपन्यांची मुख्य कार्यालये होती, त्याच शहरात रक्त सांडत असताना एक मराठी अर्थमंत्री दिल्लीतून विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा करत होता. महाडजवळच्या नाते या गावी १८९६ मध्ये जन्मलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला, कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेला हा माणूस. आपल्या हातचे मोठे काम पुरे करण्याची जबाबदारी आणि आपल्या माणसांवर होत असलेल्या अन्यायाची चीड, हे दोन्ही त्याच्या मनात एकाच आठवड्यात होते. त्यांचे ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हा संयमी माणूस आतून किती कडक होता हे कळते.

त्यांनी आधी काम केले. आयुर्विमा महामंडळाचा कायदा जून १९५६ मध्ये संसदेने मंजूर केला. सरकारचे भांडवल अवघे पाच कोटी रुपये. पण कायद्याच्या ३७ व्या कलमात एक मोठे वचन होते: महामंडळाच्या पॉलिसीची विमा रक्कम आणि जाहीर झालेला बोनस देण्याची हमी केंद्र सरकारची. मग जुलैमध्ये देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर लोकसभेत निवेदन करून मंत्रिपद सोडले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले तेव्हा त्याचा कर्ता अर्थमंत्रालयात नव्हता. त्या दिवसाचा मान दुसऱ्या कुणाला मिळाला. महामंडळाच्या जन्मकथेत ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मराठी माणसाने तरी ती विसरू नये.

पाच क्षेत्रीय, तेहतीस विभागीय आणि दोनशे बारा शाखा कार्यालये एवढ्या पसाऱ्यावर महामंडळ उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये हैदराबाद स्टेट बँक रिझर्व्ह बँकेच्या छत्राखाली येऊन स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य विसर्जित झाले आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. दहा महिन्यांच्या आत मराठवाड्याच्या माणसाभोवतीची सगळी चौकट नवी झाली. राजधानी हैदराबादेहून मुंबईला गेली, सरकारी व्यवहारातून उर्दू मागे पडून मराठी पुढे आली, आणि जिथे विमा म्हणजे काय हे सांगायलाही कुणी नव्हते तिथे केंद्र सरकारच्या हमीची पॉलिसी मिळू लागली.

मिळू लागली म्हणजे कायद्याने मिळू लागली. ती घरात नेऊन देणारा माणूस अजून तयार व्हायचा होता.

तो तयार झाला साठच्या आणि सत्तरच्या दशकांत. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याआधी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्येच इथे महाविद्यालय काढले होते. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि खेडोपाडी शाळा व शिक्षक वाढले. रेल्वे स्टेशनजवळ, मग चिकलठाण्याला, ऐंशीच्या दशकात वाळूजला कारखाने उभे राहिले. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा वर्ग मराठवाड्यात पहिल्यांदाच एवढ्या संख्येने दिसू लागला. पगारातून परस्पर हप्ता कापून घेण्याची महामंडळाची योजना या वर्गासाठीच होती. एजंट शाळेत जाई, मधल्या सुट्टीत बोले, अर्ज भरून घेई. विकास अधिकारी त्याच्या मागे. अशा कितीतरी एजंटांची दुसरी ओळख म्हणजे ते स्वतः कुणाचे तरी शेजारी, वर्गमित्र, गावकरी होते.

पण पहिलीच अडचण वयाची. विम्याचा हप्ता वयावर ठरतो आणि वयाला पुरावा लागतो. निजामी अमलात शिकलेल्या माणसाचा शाळेचा दाखला उर्दूत आणि जन्मसाल फसली सनात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येते, हे गणित ज्याला येत होते त्या एजंटाचे काम सोपे होई. शाळेचे तोंडच न पाहिलेल्यासाठी जन्माच्या वेळी केलेली पत्रिका शोधावी लागे. तीही नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, आणि मग हप्ताही थोडा जास्त पडण्याची शक्यता. दुसरी अडचण बोलण्याची. “तुम्ही गेल्यावर” हे शब्द उच्चारणेच अभद्र. घरातली म्हातारी माणसे असे बोलणाऱ्याला ओसरीवरून उठवतील. म्हणून मराठवाड्यातल्या एजंटाने विमा विकला तो मुलीच्या लग्नाच्या, मुलाच्या शिक्षणाच्या नावाने. वीस वर्षांनी पैसे मिळतील, बोनससकट मिळतील. मधे काही झाले तर, हे वाक्य तो शेवटी आणि हळू आवाजात म्हणे.

शेतकऱ्याकडे जायचे तर आणखी वेगळी चाल. त्याच्याकडे महिन्याला पैसा नसतो. कापूस किंवा ज्वारी विकल्यावर हातात येतो. म्हणून हप्ता सहामाही किंवा वार्षिक ठेवायचा आणि बरोबर त्या आठवड्यात एसटीने गावात उतरायचे. उशीर झाला तर पैसा दुसरीकडे गेलेला असे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने जे भोगले त्यात हप्ता कुठून भरणार? ज्यांनी तीन वर्षे भरले होते त्यांची पॉलिसी कमी रकमेची ‘पेड-अप’ म्हणून टिकण्याची सोय होती. बाकीच्यांची बंद पडे. ती पाच वर्षांच्या आत थकबाकी आणि व्याज भरून पुन्हा सुरू करता येते, हे ग्राहकाला माहीत नसे. ते सांगायला परत जाणारा एजंट आणि पहिले कमिशन घेऊन पुन्हा न फिरकणारा एजंट, यांतला फरक लोकांच्या लक्षात राहिला.

हा फरक कळण्यासाठी कमिशनचा हिशेब नीट समजून घ्यावा लागतो. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर एजंटाला मोठा वाटा मिळे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के, पुढे पाच टक्के. विमेदार जिवंत आहे आणि हप्ता भरतो आहे तोवर हे चालते. तो मेला की त्या पॉलिसीवरचे कमिशन थांबते. म्हणजे मृत्यूचा दावा मिळवून देण्यासाठी एजंट जे काही धावतो, त्याचा एक पैसाही त्याला मिळत नाही. शोकसभेत लोक ज्या कामाबद्दल बोलतात ते हेच.

आणि हे काम साधे नसे. मूळ पॉलिसी लागते. ती ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे किंवा भावाच्या घरी असायची. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून आणायचा, त्यावरचे नाव पॉलिसीवरच्या नावाशी जुळवायचे. “रामराव” आणि “रामा” एकच, हे सिद्ध करायला तहसीलपर्यंत जायचे. पॉलिसी घेऊन दोन वर्षे झाली नसतील तर चौकशी व्हायची. शेवटी कोणत्या डॉक्टरने तपासले, आधी आजार होता का, कामावर गैरहजेरी किती, याचे दाखले. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाने दोन वर्षांनंतर चुकीच्या माहितीच्या सबबीवर पॉलिसी नाकारण्यावर मर्यादा घातली होती, २०१५ पासून ती मुदत तीन वर्षांची आहे. हे कलम मागे राहिलेल्या बाईला ठाऊक नसे, एजंटाला ठाऊक असे. नॉमिनी नेमलेला नसेल तर वारसांचा प्रश्न, आणि मग दीर, सासरे, भाऊबंदकी. चांगला एजंट पॉलिसी घेतानाच अर्जावर बायकोचे नाव नॉमिनी म्हणून लिहायला लावी. पुष्कळ घरांत त्यावर वाद होई, कारण मुलगा आईबापांचा, पैसा आईबापांचा, असे मानले जाई. त्या एका रकान्यात बायकोचे नाव लिहून घेणे हे मला त्या पिढीच्या एजंटांचे सर्वांत मोठे सामाजिक काम वाटते, आणि त्याची दखल मराठवाड्याच्या इतिहासात कुणी घेतलेली नाही.

मग डिस्चार्ज फॉर्मवर साक्षीदारांसमोर अंगठा. चेक तिच्या नावाचा निघे, म्हणजे तिचे खाते हवे. स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या शाखेत तिचे आयुष्यातले पहिले खाते उघडायला सोबत एजंटच. दहा हजारांची रक्कम आज लहान वाटते. सत्तरच्या दशकात त्या पैशावर सावकाराचे देणे फिटू शकत होते आणि पोरगा शाळेत राहू शकत होता.

महामंडळाची परीक्षा मात्र याच्या आधी, ते सुरू झाल्यावर लवकरच झाली होती. १९५७ मध्ये त्याने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. पुन्हा फिरोज गांधीच बोलले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगापुढे उघड चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. विमेदारांचा विश्वास मात्र उडाला नाही. सरकारी हमी होती, हे एक कारण. खेड्यातल्या माणसाने मुंध्राचे नावही ऐकले नसेल, त्याचा विश्वास दर सहा महिन्यांनी दारात येणाऱ्या माणसावर होता, हे दुसरे. देशभरात महामंडळाचा नवा व्यवसाय १९५७ मध्ये दोनशे कोटींचा होता, तो हजार कोटींवर जायला १९६९-७० उजाडले. हा वेग संथ होता, कारण एकेक घर जिंकावे लागत होते.

या पिढीचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरून पॉलिसी दाखवणारे होते, कायद्याने ते निषिद्ध असूनही. बचतीच्या नावाने विकल्यामुळे विम्याची रक्कम घराच्या गरजेपेक्षा फार कमी राहिली. पाच माणसांच्या कुटुंबाला कर्ता गेल्यावर जेवढे लागते त्याचा छोटासा तुकडाच बहुतेकांना मिळाला. शेतमजुरापर्यंत, ऊसतोड कामगारापर्यंत विमा फारसा गेलाच नाही, आणि मरणाची जोखीम तर त्यांच्याकडे जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंपाने साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली, तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यात जीव किती उघड्यावर होता हे साऱ्या देशाने पाहिले. राष्ट्रीयीकरणाने विमा सुरक्षित केला, पण सर्वांपर्यंत पोहोचवला नाही. माझ्या लेखी हा त्या प्रयोगाचा खरा हिशेब आहे.

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि २००० पासून खासगी कंपन्या पुन्हा या क्षेत्रात उतरल्या. बँकांच्या काउंटरवर विमा विकला जाऊ लागला, मग मोबाइलवर. निवड वाढली, कागद कमी झाले, हे चांगलेच झाले. पण विकणारा आणि दाव्याच्या वेळी उभा राहणारा एकच माणूस असण्याची पद्धत मागे पडली. चिंतामणराव देशमुख २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत वारले, म्हणजे हे बदल त्यांनी पाहिले नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत सायकलवर फिरलेले मराठवाड्यातले एजंट मात्र ते पाहून एकेक करून जात आहेत.

एजंटासाठीही एक तरतूद आहे. ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या एजंटाच्या मृत्यूनंतर, त्याने केलेल्या पॉलिसींचे हप्ते भरले जात असतील तोवर त्यांवरचे कमिशन त्याच्या वारसांना मिळत राहते. अशा घरांत त्याच्या डायऱ्याही असतात. गावागणिक नावे, जन्मतारखा, फसली सनाची बेरीज, हप्त्यांचे महिने, कुणाचा दावा कधी मिळाला याची नोंद. मराठवाड्याच्या मध्यमवर्गाचा इतका बारीक इतिहास सरकारी दप्तरातही सापडणार नाही. ज्यांच्या घरी अशा डायऱ्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. लोकांच्या खासगी माहितीची काळजी घेऊन त्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा एखाद्या जाणत्या अभ्यासकाला दाखवाव्यात, आणि ते लवकर करावे.